सालामांकात स्पॅनिश शिकताना: यजमानांचं घर आणि पहिले चार आठवडे

स्पेनमधल्या सालामांकाला स्पॅनिश शिकायला निघालेला विद्यार्थी शाळा निवडण्यात महिना घालवतो आणि यजमानांच्या घरी राहण्याचा अर्ज दहा मिनिटांत भरून टाकतो. व्हायला हवं ते उलट. शाळेचे तास दिवसाला चार, आठवड्याला वीस, साधारण सकाळी नऊ ते एक. वर्गात आठ-दहा जण असले तर तुमच्या तोंडून रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त स्पॅनिश बाहेर पडत नाही. घरी दुपारी अडीचला ताट समोर आलं की दीड तास सुटका नसते. पहिल्या महिन्यात भाषा येते ती त्या टेबलावर. दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगतच नाही: त्या टेबलावर अडलात तर आधार मराठीचा घ्या, इंग्रजीचा नको. त्याबद्दल पुढे येईलच, आधी घराचं पाहू.

अर्जात आहार, ॲलर्जी, पाळीव प्राणी, धूम्रपान असे रकाने असतात. ज्या दोन गोष्टी खरोखर महत्त्वाच्या, त्यांचे रकाने बहुधा नसतात, म्हणून त्या वेगळ्या लिहून विचाराव्यात. पहिली, घरात आणखी किती विद्यार्थी आहेत आणि ते कुठल्या भाषेचे. सालामांकात विद्यार्थी ठेवण्याचा रिवाज जुना आहे. इथलं विद्यापीठ 1218 सालचं, आणि विद्यार्थ्यांवर घर चालवणाऱ्या अनुभवी बायका गल्लोगल्ली आहेत. पण एका घरात तीन-चार परदेशी विद्यार्थी असले की टेबलावर इंग्रजी सुरू होते आणि घरमालकीण निमूटपणे वाढत राहते. एकटे असाल तर उत्तम, दुसरा कुणी असेल तर तो निदान इंग्रजी न बोलणारा असावा. दुसरी गोष्ट म्हणजे जेवणाचा प्रकार. ‘पेन्सिओन कोंप्लेता’ म्हणजे तिन्ही वेळा, ‘मेदिया पेन्सिओन’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. पैसे वाचवायला अर्धं घेणार असाल तर ते एक जेवण दुपारचं आहे ना, हे नक्की करून घ्या. रात्रीचं जेवण तिथे हलकं आणि घाईचं असतं, बोलणं होतं ते दुपारी. घरात सहा ते दहा वर्षांचं मूल असेल तर हो म्हणा. मोठी माणसं तुमच्या चुका सोडून देतात, मुलं सोडत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात: 90 दिवसांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला शेंगेन व्हिसा पुरतो, त्याला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्याहून जास्त राहायचं असेल तर विद्यार्थी व्हिसा वेगळा काढावा लागतो. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा व्हिसा असेल तर स्पेनमध्ये शिरल्यापासून महिन्याभरात परदेशी व्यक्तीच्या ओळखपत्राचा अर्ज करावा लागतो. ते कार्ड ‘तिए’ म्हणून ओळखलं जातं. त्यासाठीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती लवकर मिळत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या मागे लागा.

सामानात काय नको, तेही इथेच सांगतो. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने नेणं निषिद्ध आहे. म्हणजे घरचं तूप, पेढे, खव्याचे पदार्थ विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. आंब्याची पेटीही सर्टिफिकेटशिवाय चालत नाही. यजमानांसाठी चिक्की, चहाची पावडर, काठापदराच्या कापडाचा बटवा असलं काही न्या. स्वतःसाठी मेतकूट किंवा कोरडी लसणीची चटणी, पाव किलोच्या आत. चार्जरच्या दोन बारीक गोल पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, आपली तीन जाड पिनांची प्लग मात्र बसत नाही.

पहिली संध्याकाळ

माद्रिदहून सालामांका सुमारे 215 किलोमीटर, बसने अडीच तास. गाव समुद्रसपाटीपासून 800 मीटरवर, त्यामुळे हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो आणि मे महिन्यातही संध्याकाळी जाकीट लागतं. पोहोचल्यावर घर दाखवलं जातं, तेव्हा तुम्ही थकलेले असता आणि निम्मं कळत नाही. नंतर गोंधळ होतात ते नेमके याच अर्ध्या तासात सांगितलेल्या गोष्टींवरून.

नळापासून सुरुवात करू. नळावर सी आणि एफ अशी अक्षरं असतात. सी म्हणजे कोल्ड असं धरून हात घातला की भाजतो, कारण तो सी ‘कालिएन्ते’चा, म्हणजे गरम. एफ म्हणजे ‘फ्रीआ’, थंड. गरम पाण्याची टाकी बऱ्याच घरांत लहान असते. तुम्ही पंधरा मिनिटं उभे राहिलात तर मागच्याला गार पाणी मिळतं आणि टाकी पुन्हा तापायला बराच वेळ लागतो. पाच-सहा मिनिटांत आटपा. बादली-मग नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नाही. पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर नाही. बाहेर सांडलेलं पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या छताला डाग पडतो आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. केसांना तेल लावून झोपायची सवय असेल तर उशीवर स्वतःचं जुनं कापड घाला, तेलाचा डाग हे परदेशी विद्यार्थ्यांबद्दलच्या कुरबुरीचं नेहमीचं कारण आहे.

किल्ली. बहुतेक दारं ओढली की आपोआप लागतात, म्हणून कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. रात्री आतून कुलूप लावलं तर किल्ली कुलपात ठेवू नका. बऱ्याच कुलपांत आत किल्ली असली की बाहेरून दुसरी चालत नाही, आणि घरातला मुलगा रात्री दोनला दाराबाहेर अडकतो. खालच्या दाराशी ‘तेलेफोनिय्यो’, म्हणजे इंटरकॉम असतो, त्यातून ‘कियेन?’, कोण, असं ऐकू आलं की उत्तर ‘सोय यो’, मी आहे. आपल्यासारखंच, नाव कुणी सांगत नाही.

खिडकीवर गुंडाळता येणारी झडप असते, ‘पेर्सिआना’. पट्टा हळू सोडायचा. एकदम सोडला की झडप धाडकन पडते, पट्टा तुटतो आणि दुरुस्ती महाग. उन्हाळ्यात ती दिवसा बंद ठेवतात, खोली गार राहते म्हणून. उजेडासाठी उघडून बाहेर गेलात की संध्याकाळी खोलीची भट्टी झालेली असते.

चपला बाहेर काढायची आपली सवय तिथे कौतुकाचा विषय होते, पण मग अनवाणी फिरू नका. घरात घालायच्या सपाता हव्यात, ‘थापातिय्यास’. अनवाणी मुलगी दिसली की घरातली बाई आजारपणाची भविष्यं सांगू लागते. कपडे आठवड्यातून एकदा धुतले जातात आणि मशीन बहुधा तीच लावते. वाळत घालतात इमारतीच्या आतल्या चौकातल्या दोऱ्यांवर, चिमटे लावून. चिमटा निसटला की कपडा तळमजल्याच्या चौकात, आणि मग खालच्या बाईंकडे जाऊन ‘से मे आ काइदो’ म्हणायचं. शब्दशः ‘माझ्याकडून पडलं’. ‘मी पाडलं’ नाही. मराठीत आपण जसं अंग काढून घेतो तसंच.

शाकाहार

यावर जितकं लिहावं तितकं थोडं. ‘सोय बेखेतारिआना’ एवढ्यानं काम भागत नाही. ‘कार्ने’ हा शब्द बऱ्याच घरांत मोठ्या तुकड्याच्या मांसापुरता असतो. वाटाण्यात घातलेले खामोनचे (वाळवलेल्या डुकराच्या मांडीचे) बारीक तुकडे, सॅलडवरचा डब्यातला ट्यूना, हाडांच्या पाण्यात शिजवलेलं सूप, हे त्यात धरलं जात नाही, आणि यात फसवणूक नसते. चव यावी म्हणून घातलेलं असतं, तुम्ही उपाशी राहाल या काळजीनं घातलेलं असतं. म्हणून यादीच सांगावी लागते: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी चोरीथो, नी काल्दो दे कार्ने.’ मांस नाही, मासे नाहीत, खामोन नाही, चोरीथो (डुकराच्या मांसाचं मसाल्याचं सॉसेज) नाही, मांसाचं पाणी नाही. मग अंड्याचं वेगळं सांगा. तिथल्या शाकाहारात अंडं गृहीत असतं. खात असाल तर ‘वेबो सी’, नसाल तर ‘वेबो तांपोको’. हे वाक्य निघण्यापूर्वीच शाळेमार्फत घरी पोहोचवा, आणि पहिल्या संध्याकाळी पुन्हा तोंडाने म्हणा.

मराठी माणसाला सुदैवाने तिथलं कडधान्य ओळखीचं. ‘लेंतेखास’ म्हणजे अख्खा मसूर, ‘गार्बान्थोस’ म्हणजे काबुली चणे, ‘खुदीआस’ म्हणजे राजम्याच्या जातीचे घेवडे. आठवड्यातून दोनदा तरी असतात. अडचण अशी की भांडं एकच चढतं आणि त्यात चोरीथोचा तुकडा शिजतो, नंतर तो काढून तुम्हाला वाढलं तरी रस्सा त्याचाच. ‘माझ्यासाठी वेगळं करू नका, चोरीथो वेगळा परतून वरून घाला’ असं घरमालकिणीला सुचवलं तर तिला सोपं पडतं. सांगण्याची वेळ सकाळची, भांडं चढण्याआधीची. ‘पिस्तो’, म्हणजे भोपळी मिरची, झुकिनी, कांदा-टोमॅटोची मऊ शिजवलेली भाजी, आणि उन्हाळ्यातलं टोमॅटोचं गार सूप ‘गाथपाचो’ हे निर्धोक. सालामांकाचे म्हणून जे अभिमानाने पुढे येतात ते ‘ओर्नाथो’ आणि ‘पातातास मेनेआस’ मात्र नाहीत. पहिल्यात डुकराचं मांस भरलेलं असतं, दुसऱ्यात कुस्करलेल्या बटाट्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे. नाताळच्या ‘पोल्बोरोन’ नावाच्या भुसभुशीत मिठाईतही बहुधा डुकराची चरबी असते, तिथे पाकिटावर ‘मान्तेका दे थेर्दो’ लिहिलंय का बघा.

मिरची नसते. ‘पिमेंतोन’ हा मिरचीच्या पुडीचा मसाला लाल भडक दिसतो, पण बहुतेक वेळा गोड आणि धुराच्या वासाचा असतो. चटणी बाहेर काढायची असेल तर आधी दोन घास तसेच खा, काहीतरी चांगलं बोला, मग काढा. चव घेण्याआधी वरून काही भुरभुरणं हे कुठल्याही स्वयंपाकघरात अपमानास्पदच.

दुपारी अडीच

नाश्ता म्हणजे कॉफी आणि बिस्किटं किंवा टोस्ट. शाळेत अकराला सुट्टी होते तेव्हा काहीतरी खाऊन घ्या, कारण जेवण दोन ते तीनच्या मध्ये कधीही. रात्रीचं साडेनऊ-दहाला. पहिल्या आठवड्यात साडेबाराला पोटात कावळे ओरडतात आणि रात्री आठनंतर डोळे मिटू लागतात, हे सगळ्यांचंच होतं. सहाच्या सुमारास एखादं फळ किंवा दह्याचा कप खाल्ला की रात्रीपर्यंत निभतं.

दिवसाचा सांधाही जेवणावर आहे. दीड वाजता ‘बुएनास तार्देस’ म्हणालात तर एखादा हसून ‘बुएनोस दीआस’ म्हणेल, कारण त्याचं जेवण व्हायचं असतं, म्हणजे त्याची दुपार अजून झालेली नसते. ‘कोमेर’ म्हणजे खाणं, आणि दुपारचं जेवणंही. ‘आस कोमिदो?’ म्हणजे ‘जेवलीस का?’. रात्रीला ‘थेनार’ आणि सकाळला ‘देसायुनार’ ही वेगळी क्रियापदं आहेत. रात्री ‘कोमी’ म्हणालात तर दुपारबद्दल बोलताय असं समजलं जातं.

टेबलावर पाव ताटलीत नसतो, ताटाशेजारी थेट कापडावर. रस्सा पुसून घ्यायला आणि घास काट्यावर ढकलायला तो असतो, त्यामुळे पोळीची सवय असलेल्याचं फार अडत नाही. दोन पदार्थ एकामागून एक येतात, आधी ‘प्रिमेरो’ (सूप, कडधान्य, भाजी, भात), मग ‘सेगुन्दो’. पहिल्यावेळी पोट भरून घेऊ नका, दुसरा यायचा असतो. आग्रह आपल्याइतकाच. ‘नो, ग्राथिआस’ एकदा म्हणून भागत नाही. ‘एस्ता बुएनिसिमो, पेरो नो पुएदो मास’, फार छान झालंय, पण आता नाही जात, हे दोनदा म्हणावं लागतं.

आणि मग येतं ‘सोब्रेमेसा’. ताटं उचलून झाली, फळ संपलं, तरी कुणी उठत नाही. आपल्याकडे हात वाळेपर्यंत गप्पा चालतात, तेच. वीस मिनिटांपासून तासापर्यंत. विद्यार्थी हमखास चुकतो तो इथे: शिष्टाचार म्हणून ताट उचलतो, ‘ग्राथिआस’ म्हणतो आणि गृहपाठाला खोलीत जातो. ज्यासाठी पैसे भरले तेच सोडून उठतो. पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही तरी बसा. तीनच्या बातम्या लागतात, त्यावर घरातली माणसं टीका करतात, महागाई काढतात, शेजारच्या लग्नाचं काढतात. तोच विषय, तेच शब्द रोज परत येतात. याहून चांगला सराव पैसे देऊन मिळत नाही.

यासाठी घरी फोन करायची वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. स्पेनमध्ये दुपारी चार वाजले की महाराष्ट्रात हिवाळ्यात साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. आई-बाबांनाही सोयीचं, आणि जेवणाच्या टेबलावर फोन वाजत नाही.

इंग्रजी बाजूला ठेवा

बहुतेकजण मनात इंग्रजी वाक्य जुळवतात आणि त्याचं स्पॅनिश करतात. सगळ्यात लाजिरवाण्या चुका त्या वाटेनेच येतात. उकडतंय म्हणून ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हटलं की त्याचा अर्थ कामातुर आहे असा होतो. ओशाळले म्हणून ‘एम्बाराथादा’ म्हटलं की गरोदर. आणि कुणी ‘एस्तोय कोन्स्तिपादो’ म्हणालं तर पोटाचं औषध आणायला धावू नका, त्याला सर्दी झालेली असते. डब्यातल्या अन्नात रसायनं आहेत का विचारताना ‘प्रेसेर्बातिबोस’ म्हणालात तर तो निरोधचा शब्द आहे. मी बरी आहे हे ‘एस्तोय बिएन’; ‘एस्तोय बुएना’ म्हणजे मी दिसायला मादक आहे. मराठीत ‘मी गरम आहे’ कुणी म्हणत नाही. मला उकडतं, मला थंडी वाजते, मला भूक लागते. स्पॅनिशमध्ये ते ‘तेंगो कालोर’, ‘तेंगो फ्रीओ’, ‘तेंगो आम्ब्रे’, म्हणजे उकाडा, थंडी, भूक माझ्यापाशी आहे. रचना तीच नाही, पण ‘मी अमुक आहे’ या सापळ्यात आपण पडत नाही.

खरा फायदा ‘गुस्तार’मध्ये. वर्गातले इंग्रजीभाषक यावर दोन आठवडे घासतात. आपल्याला ते जन्मतः येतं: ‘मे गुस्ता एल काफे’, मला कॉफी आवडते. ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूमागे जातं, आवडून घेणाऱ्यामागे नाही, अगदी मराठीसारखं. ‘मे द्वेले ला काबेथा’, माझं डोकं दुखतंय. तिथे क्रियापद डोक्याचं.

दुसरी जागा: माणूस कर्म असला की स्पॅनिशमध्ये त्याआधी ‘आ’ लागतो, वस्तूला लागत नाही. ‘बी ला पेलीकुला’, पण ‘बी आ राजू’. वर्गात याचा वेगळा धडा असतो. मराठीत मी सिनेमा पाहिला, पण राजूला पाहिलं. तो ‘ला’ जिथे वाटतो तिथे ‘आ’ लावा, बहुतेक वेळा बरोबर येतं.

तिसरी, ‘किएरो के कोमास’. तू खावंस असं मला वाटतं. ज्या रूपाला पुस्तकात ‘सुब्खुन्तिबो’ म्हणून मोठं नाव आहे, त्याची अर्धीअधिक कामं आपलं ‘-आवं’ करतं. आईच्या तोंडी दिवसभर असतं ते. घड्याळही जवळचं: सवादोन म्हणजे ‘लास दोस इ क्वार्तो’, पावणेतीन म्हणजे ‘लास त्रेस मेनोस क्वार्तो’, तीनला पाव कमी.

जिथे मराठी दगा देते तेही सांगायला हवं. आपल्याकडे ‘आ’ने संपणारं नाम बहुधा पुल्लिंगी: घोडा, आंबा, दरवाजा. स्पॅनिशमध्ये ते बहुधा स्त्रीलिंगी. ‘मेसा’ (टेबल), ‘काबेथा’ (डोकं), ‘पुएर्ता’ (दार) ऐकली की कान पुल्लिंगाकडे ओढतो. त्यातून ‘एल प्रोब्लेमा’, ‘एल मापा’ हे खरंच पुल्लिंगी निघतात आणि ‘ला मानो’ (हात) स्त्रीलिंगी. शब्द लिहिताना ‘एल’ किंवा ‘ला’ लावूनच वहीत लिहा, नुसता शब्द लिहू नका. आणि ‘सेर’-‘एस्तार’ ही दोन्ही आपली ‘आहे’च, इथे मराठीचा काही उपयोग नाही, वर्गातच शिकावं लागतं. बर्फ थंड असतो तो ‘एस’, सूप थंड झालं ते ‘एस्ता’. ‘असतो’ आणि ‘झालं आहे’ असा भेद लक्षात ठेवला तर थोडं सोपं जातं, पण तेवढ्यावर विसंबू नका.

उच्चारात आपण पुढे असतो. त आणि द दंत्य, क-प-त हवेशिवाय, स्वर सरळ. ‘कोचे’मधला च हा चहातला, चाकातला नव्हे. व नाही, ब आहे: ‘बीनो’, ‘बालेन्थिया’. र मात्र दोन आहेत. ‘पेरो’ साध्या रने म्हणजे पण, घोळवलेल्या रने म्हणजे कुत्रा, आणि शब्दाच्या सुरुवातीचा र नेहमी घोळवलेलाच. वर मी ‘थ’ लिहितोय तो आपला थ नाही. जीभ दातांमध्ये ठेवून नुसती हवा सोडायची. दक्षिण अमेरिकेच्या धर्तीवर स म्हणून आलात तरी कुणी हसत नाही, पण ऐकताना फरक कळायला हवा: ‘कासा’ म्हणजे घर, ‘काथा’ म्हणजे शिकार. सालामांकाचे लोक स्पष्ट बोलतात ही कीर्ती खरी, तरी पुस्तकाबाहेरचं बरंच ऐकू येतं. ‘कान्सादो’चं ‘कान्साओ’ होतं, ‘माद्रिद’ शेवटी ‘माद्रिथ’ ऐकू येतं, आणि पुस्तकात ‘लो’ (त्याला) असतो तिथे माणसाबद्दल बोलताना सर्रास ‘ले’. वर्गात पुस्तकातलं लिहा, घरी ऐका ते ऐका.

तुमच्या नावाचं काय होतं, तेही बघा. ह उच्चारत नाहीत, ज ला ख म्हणतात, स आणि व्यंजन जोडून सुरुवात झाली की पुढे ए लागतो. स्नेहाची ‘एस्नेआ’ होते, राजूचा ‘राखू’, वैभवचा ‘बाइबाब’. पहिल्या दिवशी नाव तोंडाने तीनदा सांगा, कागदावर दाखवू नका.

शब्दही काही घरचेच निघतात. पोर्तुगीजांकडून किंवा अरबी-फारसीमार्गे आपल्याकडे आलेले मेज, पगार, साबण, खमीस, पाव हे शब्द स्पॅनिशमध्ये ‘मेसा’, ‘पागार’, ‘खाबोन’, ‘कामिसा’, ‘पान’ म्हणून भेटतात. ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. एका ठिकाणी मात्र फसगत: ‘बाताता’ मागितलात तर रताळं मिळेल. बटाटा तो ‘पाताता’.

आणि तो ‘तू’. स्पॅनिशमध्ये तू म्हणजे तू, उच्चारही तोच. पासष्ट वर्षांच्या बाईला तू म्हणताना जीभ अडते आणि आपण ‘उस्तेद’ला चिकटून बसतो. ती दुसऱ्याच दिवशी सांगते की मला म्हातारी करू नकोस. हा शेजारच्या काकांना चुकून म्हटलेला तू नाही, आईला आणि मावशीला म्हणतो तो आहे. तसा धरला की जमतो. बँकेत, डॉक्टरांकडे, कचेरीत ‘उस्तेद’ ठेवा. ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ यांचा मारा नको. ‘पासामे एल पान’, पाव दे, यात तिथे उद्धटपणा नाही, मराठीतही नाही. मान डोलावण्याचं मात्र सांभाळा, आपली डावी-उजवी डुलणारी होकाराची मान तिथे नकार वाटते. तोंडाने ‘सी’ म्हणा.

वर्ग, आणि आठवडे

सोमवारी सकाळी पातळी ठरवणारी परीक्षा, लेखी आणि दहा मिनिटं तोंडी. आपल्याकडून गेलेल्यांचं व्याकरण पक्कं आणि बोलणं कच्चं, त्यामुळे लेखीच्या जोरावर वरच्या वर्गात बसवलं जातं. तिथे शिक्षकाचं कळतं, पण वर्गातल्या इतरांच्या वेगाला तोंड उघडत नाही. तोंडीत शक्य तितकं खरं बोला, पाठ केलेलं भाषण नको. वर्ग बदलायचा तर बुधवारपर्यंत सांगा. पुढच्या सोमवारी नवे विद्यार्थी येतात, गट पुन्हा जुळवले जातात आणि मग तुम्हाला सरकायला जागा राहत नाही.

पहिल्या आठवड्यात संध्याकाळी डोकं दुखतं. दिवसभर ऐकण्याचा तो थकवा आहे, अर्धा तास झोपलात तर उतरतो, दोन तास झोपलात तर रात्र जाते. वहीत रोज शब्द नाही, वाक्यं लिहा, आठ-दहा, टेबलावर जशी ऐकली तशी. त्यातली दोन दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर वापरा.

खरा कठीण आठवडा दुसरा. नवलाई संपते, बोलणं मागे गेल्यासारखं वाटतं, आणि विद्यार्थी सगळ्याला ‘सी, सी’ म्हणू लागतो. घरमालकीण विचारते शनिवारी जेवायला आहेस का, तो ‘सी’ म्हणतो, आणि शनिवारी मित्रांबरोबर बाहेर. ताट झाकून ठेवलेलं असतं. कळलं नाही तर ‘कोमो?’ म्हणा, किंवा जेवढं कळलं तेवढं परत म्हणून दाखवा: ‘एल साबादो?’ जेवणाला नसाल तर निदान त्या दिवशी सकाळी सांगा, आदल्या रात्री सांगितलं तर त्याहून बरं.

घर जमत नसेल, म्हणजे जेवण अपुरं, खोली गार, कुणी बोलतच नाही, तर शाळेतल्या निवासाच्या माणसाकडे जा, पण काय हवं ते नेमकं सांगा. ‘आवडत नाही’ यावर काही होत नाही. ‘तीन दिवस दुपारी एकटीला जेवायला वाढलं’ यावर होतं. हीटर इमारतीचा एकत्र असेल तर त्याचे तास ठरलेले असतात आणि मालकिणीच्या हातात काही नसतं, तेव्हा आधी जास्तीचं पांघरूण मागा, ‘ओत्रा मान्ता’.

तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडा. प्लाथा मायोर या गावाच्या मुख्य चौकाला लागूनच मुख्य बाजार आहे. तिथे दुकानापुढे रांग दिसत नाही, पण असते. पोहोचल्यावर ‘कियेन एस एल उल्तिमो?’, शेवटचा कोण, असं विचारायचं, हात वर करेल त्याच्यामागे तुमचा नंबर, आणि नंतर येणाऱ्याला तुम्ही सांगायचं. न विचारता उभे राहिलात तर सगळे पुढे जातात. लहान दुकानं दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक सगळंच. भाषेची देवघेव करणारा जोडीदार, ‘इन्तेरकांब्यो’, याच सुमारास शोधा. त्याला इंग्रजी हवी असते. घड्याळ लावून अर्धा तास एक, अर्धा तास दुसरी. घड्याळ नसलं की तासभर इंग्रजीच चालते. भेटायची जागा सगळ्या गावाची एकच: प्लाथा मायोरच्या घड्याळाखाली.

चौथ्या आठवड्यात कधीतरी बातम्या लागलेल्या असताना भाषांतर न करता एखादं वाक्य कळून जातं. काळाचा घोळ अजून होतो, विशेषतः ‘आज’ आणि ‘काल’चा. आज जे घडलं ते ‘ए देसायुनादो’, काल घडलं ते ‘देसायुने’. आपलं ‘केलंय’ आणि ‘केलं’ जवळ येतं, पण आपण ते सैल वापरतो, तिथले लोक नाही. मुक्काम वाढवायचा असेल तर शाळेआधी घरात विचारा, कारण तुमची खोली पुढच्या सोमवारी कुणाला तरी दिलेली असू शकते. जाणार असाल तर निघायच्या सकाळी चादरी काढून घडी करून ठेवा, पेर्सिआना अर्धी वर करा, आणि दोन्ही किल्ल्या, खालच्या दाराची आणि वरची, टेबलावर ठेवा. खालच्या दाराची हमखास खिशात राहते.